दगड विरघळतो, पराग उरतो

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

जास्वंदीचं फूल देवासाठी तोडताना बोटाला पिवळी भुकटी लागते. आपण ती रुमालाला पुसतो आणि विसरून जातो. ही भुकटी म्हणजे त्या फुलाचे पराग. जास्वंदीचा पराग तसा आकारानं मोठा, नजर तीक्ष्ण असेल तर साध्या डोळ्यांनीही एखादा ठिपका दिसावा इतका. बहुतेक झाडांचे पराग याहून कितीतरी बारीक असतात. पण मोठा असो की बारीक, प्रत्येक परागाच्या अंगावर एक कवच असतं आणि ते कवच हा वनस्पतिसृष्टीतला सर्वांत चिवट पदार्थ मानला जातो.

चिवट म्हणजे किती? लाकूड आम्लात गळतं, कापूस गळतो, रेशीम गळतं. ज्या हायड्रोफ्लोरिक आम्लात काच आणि वाळूचा खडक विरघळून जातो, त्या आम्लात हे कवच जसंच्या तसं राहतं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खडकाचा तुकडा अशा आम्लात टाकला, तर खडक नाहीसा होतो आणि भांड्याच्या तळाशी त्या काळातल्या झाडांचे पराग उरतात. त्यांच्यावरचे काटे, खाचा, जाळी, सारं काही शाबूत.

श्रोतेहो, आज मला सांगायची आहे ती या कवचाच्या शोधाची गोष्ट. गेली शंभर वर्षं शास्त्रज्ञ याच कवचाच्या आधारानं पृथ्वीचा जुना इतिहास वाचत आले आहेत. पण हे कवच नेमकं कशाचं बनलं आहे, या प्रश्नानं मात्र त्यांना दोनशे वर्षं दमवलं. याचं कारण साधं आहे. एखादा पदार्थ ओळखायचा तर रसायनशास्त्रज्ञ आधी तो कशात तरी विरघळवतो, मग त्याचे घटक सुटे करतो. जो पदार्थ कशातच विरघळत नाही, त्याची ओळख पटवायची कशी? ज्या गुणामुळे हे कवच टिकलं, त्याच गुणामुळे ते कळत नव्हतं.

कवच हवंच कशाला?

झाड जागचं हलत नाही, पण त्याच्या परागाला प्रवास करावा लागतो. कधी वाऱ्यावर, कधी मधमाशीच्या पायावर. पाण्यातून उघड्यावर आलेल्या या इवल्याशा जिवंत कणाला दोन मोठी भयं असतात. एक, उन्हावाऱ्यात सुकून जाण्याचं. दुसरं, सूर्याच्या अतिनील किरणांनी आतलं आनुवंशिक द्रव्य बिघडण्याचं. नेचे, मॉस यांसारख्या बिनफुलांच्या वनस्पती परागाऐवजी बीजाणू सोडतात. त्यांनाही हीच भयं, आणि त्यांच्याही अंगावर याच प्रकारचं कवच असतं.

इंग्लंडमधल्या नेहेमाया ग्रू यानं १६८२ मध्ये वनस्पतींच्या शरीररचनेवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली पराग पाहून त्यानं नोंदवलं, की प्रत्येक जातीच्या झाडाच्या परागाची घडण वेगळी असते. पुढे १८३७ मध्ये युलियस फ्रिट्शे या जर्मन शास्त्रज्ञानं परागाच्या भिंतीचे दोन थर वेगळे दाखवले आणि त्यांना नावं दिली. आतला थर मऊ, बराचसा सेल्युलोजचा, म्हणजे कापसाच्या धाग्यात असतो त्याच द्रव्याचा. बाहेरचा थर कठीण. या बाहेरच्या थरात बहुधा ठरावीक ठिकाणी छिद्रं किंवा चिरा असतात. पराग योग्य फुलावर पोचला, की त्यातून नळी बाहेर पडते ती या दारातून. भिंत इतकी भक्कम, की दार आधीच ठेवावं लागतं.

नाव मिळालं, ओळख नाही

बाहेरचा थर कशाचा, हा प्रश्न रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्याही आधी हाती घेतला होता. १८१४ मध्ये योहान फ्रीडरिश जॉन या जर्मन रसायनज्ञानं ट्यूलिपच्या परागांवर प्रयोग केले. सगळं काही धुऊन, उकळून झाल्यावर जो न विरघळणारा भाग उरला, त्याला त्यानं ‘पोलेनिन’ म्हटलं. १८२९ मध्ये फ्रान्सच्या आंरी ब्राकोनो यानं तसंच काम पाणकणसाच्या परागांवर केलं. आपल्याकडे तळ्याकाठी आणि ओढ्याकाठी उगवतं, तेच हे पाणकणीस. पण उरलेल्या गाळाला नाव देण्यापलीकडे त्या काळी फारसं काही करता येण्यासारखं नव्हतं.

खरा नेटाचा प्रयत्न झाला तो स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथं, १९२८ नंतर. फ्रिट्झ झेट्शे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी निवडले लायकोपोडियमचे बीजाणू. हे नाव आपल्याकडे साबुदाण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. होमिओपॅथीतलं ते औषध याच वनस्पतीच्या बीजाणूंपासून करतात. युरोपात ही पिवळी भुकटी औषधांच्या दुकानात वजनावर मिळे. गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांवर ती भुरभुरत. ज्योतीवर फुंकली तर ती क्षणात भडकते, म्हणून नाटकवाले रंगमंचावर वीज चमकवण्यासाठी ती वापरत. पुढे छायाचित्रणाचा जनक म्हणून नाव झालेला निसेफोर नीप्स आणि त्याचा भाऊ क्लोद यांनी १८०७ मध्ये पेटंट घेतलेलं आद्य इंजीनसुद्धा याच भुकटीवर चालवून पाहिलं होतं. रसायनज्ञाच्या दृष्टीनं महत्त्वाचं इतकंच, की इतर पराग चिमटीभर गोळा करताना नाकी नऊ येत, तर ही भुकटी किलोनं मिळत होती.

झेट्शेनं ती मद्यार्कानं धुतली, अल्कलीत उकळली, फॉस्फोरिक आम्ल वापरून तिच्यातलं सेल्युलोज काढून टाकलं. जी रिकामी टरफलं उरली, त्यांचं पृथक्करण केलं. कार्बनचे ९० अणू धरले तर हायड्रोजनचे १४४ आणि ऑक्सिजनचे २७, असं प्रमाण निघालं. हे रेणूचं सूत्र नव्हे. हे केवळ प्रमाण. घरात लाकूड, लोखंड आणि माती किती लागली ते कळावं, पण खोल्या किती आणि भिंती कुठे ते कळू नये, तशातला प्रकार. ओझोनचा मारा करून ही टरफलं फोडायचाही प्रयत्न त्यानं केला आणि त्यातून लहान लहान आम्लं मिळवली. बीजाणूंतला आणि परागांतला हा पदार्थ एकाच घराण्यातला आहे, हे लक्षात आल्यावर १९३१ मध्ये त्यानं दोन्ही शब्द जोडून एक नाव केलं: स्पोरोपोलेनिन. तेच नाव आजवर चालत आलं आहे. पण ते कशाचं नाव होतं? बाकी सारं विरघळल्यावर जे उरतं, त्याचं. पदार्थ काय आहे हे त्या नावात नव्हतं. तो कशानं नष्ट होत नाही, एवढंच होतं.

न कळलेल्या गोष्टीचा उपयोग

रसायनशास्त्रज्ञ असे अडून बसलेले असताना दुसऱ्या मंडळींनी मात्र या कवचाचा मोठा उपयोग करून घेतला होता. १९१६ मध्ये क्रिस्तियानिया, म्हणजे आजचं ऑस्लो, या शहरात लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूशास्त्रज्ञानं एक व्याख्यान दिलं. स्वीडनच्या दलदलींत हजारो वर्षं साचलेल्या कुजक्या वनस्पतींच्या थरांतून त्यानं पराग मोजून काढले होते. खालच्या थरात अमुक झाडं जास्त, वरच्या थरात तमुक. म्हणजे त्या प्रदेशातलं रान काळाच्या ओघात कसं बदलत गेलं, हवामान कधी थंड होतं आणि कधी उबदार झालं, याचा आलेखच त्यानं लोकांपुढे ठेवला.

त्याचा विद्यार्थी गुन्नार एर्डमन यानं ही विद्या जगभर नेली. १९३४ मध्ये त्यानं एक कृती प्रसिद्ध केली, जी प्रयोगशाळांत आजही वापरतात. अ‍ॅसेटिक अनहायड्राइडचे नऊ भाग, तीव्र गंधकाम्लाचा एक भाग. त्यात पराग काही मिनिटं तापवायचे. आतला जीव, तेल, सेल्युलोज सारं निघून जातं आणि स्वच्छ कवच उरतं. १९४४ मध्ये ब्रिटनमधल्या हाइड आणि विल्यम्स यांनी या शास्त्राला नाव दिलं, पॅलिनॉलॉजी. मराठीत आपण परागविज्ञान म्हणतो.

भारतात या शास्त्राचं मोठं केंद्र झालं ते लखनौला. बिरबल साहनी यांनी १९४६ मध्ये तिथं पुरावनस्पतिविज्ञानाची संस्था काढली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिच्या इमारतीची कोनशिला बसली आणि त्यानंतर अवघ्या आठवड्यात, १० एप्रिलला, साहनी गेले. संस्था मात्र उभी राहिली आणि वाढली. आपल्या पायाखालचा काळा पाषाण हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. लाव्ह्याच्या दोन लोटांच्या मधल्या काळात तळी साचली, गाळ बसला. विदर्भात आणि शेजारच्या मध्य प्रदेशात अशा गाळाच्या थरांतून पराग आणि बीजाणू मिळाले आहेत. आग ओकणाऱ्या त्या प्रदेशात मधूनमधून कोणती झाडं पुन्हा उगवत होती, ते त्यांवरून कळतं.

तेल आणि कोळसा शोधणारे खडकाचं वय ठरवायला पराग पाहतात. मध कुठल्या फुलांचा, हे ठरवायलाही परागच पाहतात. मधाच्या थेंबात जांभळाचे पराग जास्त असले तर मध जांभळाचा. थोडक्यात, अक्षर ओळखता येत होतं, वाचन जोरात चाललं होतं. शाई कशाची आहे, तेवढं ठाऊक नव्हतं.

उल्केतली ‘जीवसृष्टी’

न कळलेल्या पदार्थाला नाव देऊन बसल्याचा धोका १९६० च्या दशकात दिसला. १४ मे १८६४ रोजी फ्रान्समधल्या ओर्गेल गावाजवळ एक काळी, मातकट उल्का पडली होती. तिच्यात कार्बनची संयुगं होती. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लाउस आणि नॅगी या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की या आणि तशाच आणखी एका उल्केत सूक्ष्मजीवांच्या जीवाश्मांसारखे कण दिसतात. जगभर खळबळ उडाली. शिकागोच्या अँडर्स आणि फिच यांनी तपासणी केली. त्यातला एक देखणा कण निघाला रॅगवीड या तणाचा पराग! हे तण आपल्या गाजर गवताच्या नात्यातलं. वापरलेल्या रंगद्रव्यामुळे त्याचं रूप जरा पालटलं होतं, इतकंच. हवेतला पराग संग्रहालयात शिरला, उल्केला चिकटला आणि परग्रहावरचा जीव ठरला. शंभर वर्षं बंद बरणीत असलेल्या एका तुकड्यात तर कोणा वात्रटानं १८६४ च्या सुमारासच लव्हाळ्याचं बी डिंकानं चिकटवून ठेवल्याचं १९६४ मध्ये उघड झालं.

इथं प्रकरण मिटायला हवं होतं. पण मिटलं नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातले ब्रुक्स आणि शॉ हे तेव्हा स्पोरोपोलेनिनवर काम करत होते. १९६८ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये सिद्धान्त मांडला, की हा पदार्थ कॅरोटिनॉइडांपासून बनतो. कॅरोटिनॉइड म्हणजे गाजराला, झेंडूला, पिकल्या पपईला पिवळा-केशरी रंग देणारी द्रव्यं. तर्क पटण्यासारखा होता. पराग पिवळे असतात, परागकोशात ही द्रव्यं भरपूर असतात, आणि प्रयोगशाळेत ती एकमेकांना जोडली तर स्पोरोपोलेनिनसारखाच चिवट पदार्थ तयार होतो. दीडशे वर्षांचं कोडं सुटलं, असं अनेकांना वाटलं. हे उत्तर पाठ्यपुस्तकांतही गेलं.

लगेच पुढच्या वर्षी, १९६९ मध्ये, याच दोघांनी ‘नेचर’मध्येच दुसरा लेख लिहिला. ओर्गेल आणि मरे या उल्कांतला न विरघळणारा कार्बनी पदार्थ म्हणजे स्पोरोपोलेनिनच आहे, सबब पृथ्वीबाहेर जीवसृष्टी असल्याचा हा पुरावा आहे, असं त्यांचं म्हणणं.

श्रोतेहो, या युक्तिवादात कुठे पाणी मुरतं ते बघा. स्पोरोपोलेनिनची खूण काय? आम्लात, अल्कलीत विरघळत नाही. उल्केतला पदार्थही विरघळत नाही. म्हणून दोन्ही एकच! दोन माणसं आपलं नाव सांगायला तयार नाहीत, म्हणून ती सख्खी भावंडं ठरवावीत, तसं हे झालं. त्या लेखात इतर रासायनिक साम्यंही दिली होती, पण ती पुरेशी नव्हती. उल्केतला तो पदार्थ सजीवांशिवाय, अवकाशातल्या रासायनिक क्रियांतून तयार होतो आणि त्याची अंतर्रचना परागाच्या कवचाहून निराळी आहे, हे पुढच्या संशोधनानं स्पष्ट केलं.

ज्यांना कवच बांधता येत नव्हतं

कॅरोटिनॉइडांच्या सिद्धान्ताची परीक्षा पश्चिम जर्मनीत म्युन्स्टर इथं झाली. रोल्फ वीरमान यांच्या गटानं १९८५ मध्ये सोपी युक्ती केली. भोपळ्याच्या जातीतल्या एका वेलीला असं रसायन दिलं, की तिच्यात कॅरोटिनॉइड तयार होणंच जवळजवळ थांबावं. कवच त्याचं बनत असेल तर ते बनता कामा नये. कवच मात्र नेहमीसारखं बनत राहिलं. सुताराला लाकूडच दिलं नाही, तरी टेबल तयार झालं. मग टेबल लाकडाचं नसणार.

त्याच सुमारास नवी उपकरणं हाती आली. पदार्थ न विरघळवता, घन अवस्थेतच चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यातल्या कार्बनच्या अणूंचा शेजार तपासता येऊ लागला. १९८८ मध्ये अशा तपासणीतून दिसलं, की निरनिराळ्या वनस्पतींचं स्पोरोपोलेनिन अगदी तंतोतंत एक नाही; कुटुंब एक, पण चेहरे वेगळे. आणि त्यात मोठा वाटा तेलातुपात असतात तशा कार्बनच्या लांब साखळ्यांचा आहे.

मग मोठी मदत झाली ती सदोष झाडांची. मोहरीच्या कुळातलं अराबिडॉप्सिस नावाचं एक छोटं रोप प्रयोगशाळांत वाढवतात. त्यातल्या काही रोपांत एखादं जनुक बिघडलेलं असतं आणि परागाचं कवच नीट बांधलं जात नाही. असे पराग कोलमडतात, रोपाला बी धरत नाही. कुठलं जनुक बिघडलं की काय अडतं, हे एकेक करून पाहत गेलं, तर कवच बांधण्याची सारी कृतीच उलगडते. १९९० च्या दशकापासून २०१० पर्यंत अशी अनेक जनुकं सापडली. त्यांवरून दिसलं ते असं: आधी मेदाम्लाची साखळी घ्यायची, तिच्यावर ऑक्सिजनच्या खुंट्या बसवायच्या, मग त्या खुंट्यांना धरून साखळ्या एकमेकींत गुंतवायच्या.

हे काम परागकण स्वतः करत नाही, हे विशेष. परागकोशाच्या आतल्या बाजूला पेशींचा एक पोषक थर असतो. तोच हा माल तयार करतो, परागांवर चढवतो आणि काम संपलं की स्वतः मरून विरघळून जातो. घराबाहेर पडणाऱ्या लेकराच्या अंगावर आईबापांनी घोंगडी पांघरावी, तसं हे कवच झाडाकडून येतं. मॉससारख्या आदिम वनस्पतींतही या जनुकांची भावंडं आहेत आणि तिथंही ती बीजाणूंच्या कवचासाठीच लागतात. म्हणजे ही कृती फुलांपेक्षा फार जुनी.

याचा शेतीशीही संबंध आहे. संकरित बियाणं तयार करताना एका वाणाचा पराग दुसऱ्या वाणाला द्यावा लागतो, आणि दुसऱ्याचा स्वतःचा पराग आधी दूर करावा लागतो. कपाशीच्या बीजोत्पादनात फुलाफुलातले पुंकेसर हातानं खुडण्याचं ते काम किती वेळखाऊ असतं, हे खेड्यातल्या श्रोत्यांना सांगायला नको. ज्या वाणात परागाचं कवचच बनत नाही, त्यात ही खुडणी लागत नाही. म्हणून ही जनुकं बियाणं तयार करणाऱ्यांना मोलाची वाटतात.

दोन कुलपं

डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या जिंग-के वेंग, फू-शुआंग ली, मेई हाँग आणि सहकाऱ्यांनी एका पाइन वृक्षाच्या परागाच्या कवचाची रेण्वीय रचना प्रसिद्ध केली. पाइनचे पराग भरपूर मिळतात. त्यांनी ते यंत्रात अतिशय बारीक दळले, गंधकयुक्त रसायनानं त्यांचे काही सांधे तोडले आणि निघालेल्या तुकड्यांवरून मूळ रचना जुळवत नेली. त्यांच्या मते यात सोळा कार्बनांच्या मेदसाखळ्या आहेत, आणि कापडाच्या खळीत व डिंकात वापरतात त्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखे भाग आहेत. हे सारं दोन प्रकारच्या सांध्यांनी एकमेकांना बांधलेलं आहे.

या दोन सांध्यांत चिवटपणाचं मर्म असावं. एक प्रकारचा सांधा अल्कलीत सुटतो, पण आम्लाला सहसा दाद देत नाही. दुसरा आम्लात सुटतो, पण अल्कलीला दाद देत नाही. दाराला दोन वेगळी कुलपं लावावीत आणि चोराजवळ एका वेळी एकच किल्ली असावी. आम्ल आलं तर एक कुलूप उघडतं, दुसरं दार धरून ठेवतं. अल्कली आली तर उलट. सुटं एकही कुलूप अभेद्य नाही. जोडी अभेद्य आहे.

मग कोडं सुटलं का? पाइनपुरतं बरंचसं. २०२० मध्ये कॅनडा आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी आपल्या जुन्या ओळखीच्या लायकोपोडियमचे बीजाणू तपासले आणि निराळी रचना सुचवली. पाइनच्या कवचात बेंझिनच्या कड्यांचे जे घटक सांगितले होते, ते त्यांना इथं मिळाले नाहीत. त्याच वर्षी चीनमधल्या एका गटानं मात्र असे घटक या वर्गातल्या वनस्पतींच्या कवचाला आवश्यकच असल्याचं मांडलं. वाद चालू आहे. पण वादाचं स्वरूप बदललं. पूर्वी भांडण होतं, हा पदार्थ कोणता. आता प्रश्न आहे, कोणत्या वनस्पतीत तो कसा.

शाईतही मजकूर

रचना कळू लागल्याचा फायदा काय? या कवचात अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्यं गुंफलेली असतात. ऊन प्रखर असेल तर वनस्पती ती जास्त घालते. २००८ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी संग्रहालयात वाळवून ठेवलेल्या लायकोपोडियमच्या बीजाणूंतलं या द्रव्यांचं प्रमाण ओझोनच्या नोंदींशी ताडून पाहिलं आणि ही वाट खुली केली. २०२३ मध्ये दक्षिण तिबेटातल्या खडकांतले, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचे पराग तपासण्यात आले. त्या काळी पृथ्वीवरच्या सजीवांचा आजवरचा सर्वांत मोठा संहार झाला होता. नेमक्या त्याच थरांत कवचातली ही द्रव्यं वाढलेली आढळली. सैबेरियातल्या प्रचंड ज्वालामुखीय उद्रेकांमुळे ओझोनचा थर विरळ झाला असावा, असा अंदाज होताच. त्याला आता परागांची साक्ष मिळाली. पूर्वी परागाच्या आकारावरून झाड ओळखत. आता कवचाच्या रसायनावरून त्या झाडानं सोसलेलं ऊन ओळखू येतं. शाईतही मजकूर होता.

आणखी मागे गेलं तर अर्जेंटिनात सत्तेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचे बीजाणू मिळाले आहेत. जमिनीवर वनस्पती आल्याच्या ज्ञात पुराव्यांतले हे सर्वांत जुने गणले जातात. ज्या वनस्पतींनी ते सोडले, त्यांची पानं, खोडं काहीच उरलेलं नाही. उरलं ते फक्त कवच. गोड्या पाण्यातल्या काही हिरव्या शैवालांत, फलन झालेल्या पेशीभोवती अशाच पदार्थाचं आवरण असतं, हे १९८९ मध्ये दाखवण्यात आलं. म्हणजे वनस्पती पाण्यातून बाहेर यायच्या आधीच ही घोंगडी विणून तयार होती. तळं आटल्यावर तग धरण्यासाठी जे जमवलं होतं, तेच पुढे सारी जमीन हिरवी करायला कामी आलं, असा अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांचा कयास आहे.

आता एक खुलासा. हे कवच अमर आहे, असं समजू नका. ओझोनसारख्या तीव्र ऑक्सिडीकारकांपुढे ते टिकत नाही. अमिनोइथेनॉलसारखे मोजके द्रव काही वनस्पतींचं कवच विरघळवतातही. सिंगापूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूर्यफुलाचे पराग, साबण करताना वापरतात तशा अल्कलीत बराच काळ ठेवून मऊ लगद्यासारखे करून दाखवले. उघड्या, हवेशीर मातीत ऑक्सिजन आणि बुरशी या कवचाचा हळूहळू फडशा पाडतात. म्हणून पराग टिकतात ते दलदलीत, तळ्याच्या गाळात, जिथं हवा पोचत नाही अशा ठिकाणी. आपण एखादी जुनी दलदल उपसतो, तळं गाळासकट खरवडून काढतो आणि तो गाळ उन्हात टाकतो, तेव्हा त्या परिसराच्या हवापाण्याची हजारो वर्षांची वही उघड्यावर पडते आणि हळूहळू पुसली जाते. तळ्यातला गाळ शेतात नेणं चांगलंच आहे. पण जिथं गाळ फार जुना आणि खोल आहे, तिथं उपसण्याआधी एखादा उभा नमुना काढून जाणकारांकडे पाठवला, तर खर्च थोडा आणि लाभ मोठा.

जॉननं १८१४ मध्ये त्या उरलेल्या गाळाला नाव दिलं, तेव्हापासून दोनशे वर्षं लोटली. या काळात नाव बदललं, सूत्र आलं, सिद्धान्त आला, पाठ्यपुस्तकात गेला आणि बाद झाला. प्रत्येक वेळी कोणीतरी असं विचारलं, की तुम्ही पदार्थ ओळखला आहे, की त्याला फक्त नाव दिलं आहे? हा प्रश्न ज्यांनी विचारला नाही, त्यांना उल्केत पराग दिसले. ज्यांनी विचारला, त्यांना परागात पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचं ऊन सापडलं.